जुन्या लॅपटॉपवर हलका लिनक्स डेस्कटॉप कसा बसवावा

दहा-पंधरा वर्षांपूर्वीचा लॅपटॉप संथ झाला की दोष बहुधा प्रोसेसरच्या माथी मारला जातो. मजकूर लिहिणे, पत्रव्यवहार, वाचन, हिशेबाचे तक्ते आणि अधूनमधून एखादा व्हिडिओ एवढ्या कामांना २००८ च्या सुमाराचा दोन कोरांचा प्रोसेसरही बरेचदा पुरतो. अपुरी पडते ती रॅम. रॅम भरली की कार्यप्रणाली तिच्यातला काही भाग डिस्कवर हलवू लागते, आणि डिस्क फिरत्या तबकडीची असेल तर साधी विंडो उघडायलाही कित्येक सेकंद लागतात. म्हणून अशा यंत्रावर लिनक्स ही विंडोजऐवजी चालणारी मोफत कार्यप्रणाली बसवताना प्रत्येक निर्णयाला एकच कसोटी लावावी: याने किती रॅम मोकळी राहील? डेस्कटॉपची, म्हणजे पडद्यावरच्या मेनू-विंडोंच्या संचाची, निवड हा या हिशेबाचा एक भाग आहे, पण लोक समजतात तितका मोठा नाही. मोठा भाग ब्राउझरचा आहे.

विंडोज १० ची नियमित साथ १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली आणि विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा-यंत्रणा व त्यामानाने नवा प्रोसेसर लागतो. त्यामुळे चालू स्थितीतले कितीतरी लॅपटॉप सुरक्षा-अद्यतनांविना पडून आहेत. त्यांतल्या बहुतेकांना पुढची काही वर्षे कामाला लावता येते. मात्र त्यासाठी आधी यंत्राची नीट चौकशी करावी लागते.

यंत्राची चौकशी

पहिला प्रश्न प्रोसेसर ३२ बिटांचा आहे की ६४ बिटांचा हा होय, कारण पुढच्या सगळ्या वाटा इथेच फुटतात. इंटेलचा कोअर ड्युओ आणि छोट्या नेटबुकांत सर्रास आढळणारा ॲटम एन२७० हे ३२ बिटांचे आहेत. २००६ च्या मध्यापासून आलेला कोअर २ ड्युओ आणि २०१० चा ॲटम एन४५० हे ६४ बिटांचे आहेत. कोअर ड्युओ आणि कोअर २ ड्युओ या नावांतल्या एका आकड्याच्या फरकाने पुष्कळांची फसगत होते, म्हणून झाकणावरच्या स्टिकरवर विसंबू नये. कोणत्याही लाइव्ह, म्हणजे डिस्कवर न बसवता पेनड्राइव्हवरून चालवलेल्या, लिनक्समध्ये टर्मिनल (आज्ञा टंकण्याची विंडो) उघडून 'एलएससीपीयू' ही आज्ञा दिली की प्रोसेसर कोणत्या पद्धतीत चालू शकतो हे वरच्या ओळींतच दिसते. यंत्रावर सध्या ३२ बिटांची विंडोज आहे एवढ्यावरून प्रोसेसरही तसाच असेल असे धरून चालू नये. त्या काळी ६४ बिटांच्या यंत्रांवरही ३२ बिटांची विंडोज घालून दिली जात असे.

दुसरा प्रश्न रॅम किती आहे आणि ती किती वाढवता येते हा. तिसरा डिस्क कोणत्या प्रकारची आहे हा. चौथा प्रश्न ग्राफिक्सचा, आणि तो बहुतेक मार्गदर्शिकांत येतच नाही. इंटेलचे जीएमए ९५०, जीएमए ४५०० किंवा त्यानंतरचे एचडी ग्राफिक्स लिनक्सवर सहसा मुकाट्याने चालतात. अपवाद आहे तो जीएमए ५०० आणि जीएमए ३६०० या कुळाचा: ॲटम झेड५०० मालिका आणि ॲटम एन२६०० यांच्या सोबत आलेल्या या चिपांची रचना पॉवरव्हीआरची आहे आणि लिनक्समध्ये त्यांना त्रिमितीय प्रवेग मिळत नाही. पडद्यावर चित्र येते, पण व्हिडिओ आणि सरकत्या पानांचा सगळा भार प्रोसेसरवर पडतो. असे यंत्र हाती असेल तर अपेक्षा लिहिण्या-वाचण्यापुरतीच ठेवावी.

ही माहिती मिळाल्यावर लगेच डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सची एखादी तयार आवृत्ती, शोधायला धावू नये. २.५ इंची साटा डिस्क असलेल्या लॅपटॉपमध्ये साधी साटा एसएसडी बसवणे हा एकच बदल इतर सगळ्या खटपटींच्या बेरजेपेक्षा जास्त उपयोगी पडतो. जुन्या यंत्रातली साटाची गती कमी असली तरी तिने फारसे बिघडत नाही. कारण फायदा येतो तो डिस्कच्या सुईला जागोजागी धावावे लागत नाही यातून. त्याहून जुन्या, आयडीई जोडणीच्या यंत्रांत ही डिस्क बसत नाही, आणि स्वस्त लॅपटॉपांत मदरबोर्डवरच डाखलेली ईएमएमसी साठवण असते, तिथेही हा मार्ग बंद असतो.

रॅम वाढवता येत असेल तर ती ४ जीबीपर्यंत न्यावी. डीडीआर२ ची पट्टी डीडीआर३ च्या खाचेत बसत नाही हे उघड आहे. डीडीआर३ आणि डीडीआर३एल यांचा फरक मात्र सहज नजरेतून सुटतो. पहिली १.५ व्होल्टवर चालते, दुसरी १.३५ व्होल्टवरही चालते, आणि काही यंत्रे फक्त दुसरीच स्वीकारतात. शिवाय यंत्राची कमाल मर्यादाही आधी पाहावी. एन२७० आणि एन४५० च्या नेटबुकांत २ जीबीच्या पुढे जाताच येत नाही.

यंत्र उघडलेच आहे तर पंख्यातली धूळ काढावी आणि प्रोसेसरवरचा वाळलेला थर्मल पेस्ट बदलावा. तापलेला प्रोसेसर स्वतःची गती स्वतःच उतरवतो आणि मग कितीही हलकी प्रणाली घातली तरी यंत्र संथच राहते. मदरबोर्डवरची नाण्याएवढी बॅटरीही तपासावी. ती मेली की यंत्र दर वेळी जुन्या तारखेवर सुरू होते, आणि तारीख चुकली की ब्राउझर सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे नाकारतो. मग दोष इंटरनेटचा आहे असे वाटून माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

डिस्ट्रो आणि डेस्कटॉप

प्रोसेसर ६४ बिटांचा आणि रॅम ४ जीबी असेल तर डेबियन स्थिर आवृत्ती आणि तिच्यावर एक्सएफसीई डेस्कटॉप ही माझी पहिली शिफारस आहे. सुरू झाल्यावर, एकही प्रोग्रॅम न उघडता, हा संच साधारण अर्धा ते पाऊण जीबी रॅम घेतो. उरलेली तीन-सव्वातीन जीबी ब्राउझरला मिळते आणि रोजचे काम चालते. लिनक्सशी पहिलीच ओळख असलेल्या माणसाला लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती सोपी जाते, कारण ड्रायव्हर, कोडेक आणि अद्यतने यांची तिथली सोय अधिक हाताळती आहे. त्याबदल्यात ती थोडी जड आहे. लुबुंटूतला एलएक्सक्यूटी हा डेस्कटॉपही चांगला आहे. मात्र उबुंटूच्या कुटुंबात २०२२ पासून फायरफॉक्स स्नॅप या स्वयंपूर्ण पॅकेजाच्या स्वरूपात येतो आणि फिरत्या डिस्कवर तो पहिल्यांदा उघडायला भलताच वेळ घेतो. तेवढ्या एका कारणासाठी मी जुन्या यंत्रावर डेबियनकडे झुकतो.

रॅम २ जीबी असेल तर पूर्ण डेस्कटॉपऐवजी नुसता विंडो मॅनेजर (फक्त विंडो मांडणारा प्रोग्रॅम) वापरण्याचा विचार करावा. ॲन्टीएक्स ही डेबियनवर आधारलेली डिस्ट्रो याच कामासाठी बांधलेली आहे. तिच्यात सिस्टिमडी हा पार्श्वभूमीच्या सेवा सांभाळणारा संच नाही, विंडोंचे काम आइसडब्ल्यूएम पाहतो, आणि सुरू झाल्यावर ती साधारण २०० ते ३०० एमबी रॅम घेते. तिचे रूप जुनाट आहे आणि मेनूंची गर्दी सुरुवातीला गोंधळात टाकते हे खरे, पण दोन-चार दिवसांत हात बसतो. आधीच डेबियन बसवलेले असेल तर नवी डिस्ट्रो घालण्याचीही गरज नाही. आइसडब्ल्यूएम, ओपनबॉक्स किंवा जेडब्ल्यूएम पॅकेज म्हणून बसवून लॉग-इनच्या पडद्यावर सत्र निवडताना तो घेता येतो, आणि नाही आवडला तर पुढच्या वेळी एक्सएफसीईत परतता येते.

३२ बिटांच्या प्रोसेसरची स्थिती आता बिकट आहे आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिटांच्या पीसीसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल (कार्यप्रणालीचा गाभा) देणे थांबवले. गूगल क्रोमने ३२ बिटांचे लिनक्स २०१६ मध्येच सोडले होते, आणि फायरफॉक्सनेही १४४ व्या आवृत्तीनंतर तेच केले. उरतात ते डेबियन १२, त्यावर आधारलेली ॲन्टीएक्स २३, आणि पपी किंवा टायनी कोअर यांसारख्या अगदी छोट्या प्रणाली. डेबियन १२ ची दीर्घकालीन सुरक्षा-अद्यतने जून २०२८ पर्यंतची आहेत, म्हणजे अशा यंत्राला काही काळ आहे. पण बँकेचे व्यवहार किंवा महत्त्वाची खाती उघडण्यासाठी ते वापरू नये. लेखन, संगीत, घरातल्या जाळ्यावरच्या फाइली सांभाळणे किंवा मुलांना टंकलेखन शिकवणे यांसाठी ते अजूनही उत्तम चालते. रॅम ५१२ एमबी किंवा त्याहून कमी असेल तर आजचे वेब त्यावर उघडणारच नाही, मग डेस्कटॉप कोणताही घ्या.

पेनड्राइव्हवरून चाचणी

डिस्कवरच्या सर्व महत्त्वाच्या फाइलींचा बॅकअप आधी दुसरीकडे घ्यावा. त्यानंतर निवडलेल्या डिस्ट्रोची आयएसओ फाइल (पेनड्राइव्हवर चढवायची संपूर्ण प्रत) तिच्या अधिकृत ठिकाणाहून उतरवून घ्यावी आणि सोबत दिलेल्या एसएचए-२५६ बेरजेशी (फाइल जशीच्या तशी उतरली का हे ओळखण्याच्या खुणेशी) ताडून पाहावी. अर्धवट उतरलेल्या फाइलीमुळे होणारे घोटाळे इतके विचित्र असतात की मूळ कारण लक्षातच येत नाही. फाइल पेनड्राइव्हवर चढवण्यासाठी विंडोजमध्ये रूफस आणि इतरत्र बलेना एचर सोयीचे आहे. तीन-चार डिस्ट्रो पारखून पाहायच्या असतील तर व्हेन्टॉय वापरावे: पेनड्राइव्ह एकदा तयार केला की त्यात आयएसओ फाइली नुसत्या टाकायच्या आणि सुरू होताना मेनूतून हवी ती निवडायची. पेनड्राइव्हवर आधी असलेले सर्व काही या क्रियेत पुसले जाते.

यंत्र सुरू करताना एफ१२, एफ९ किंवा एस्केप यांपैकी त्या त्या बनावटीची कळ दाबली की कोठून सुरू व्हायचे याचा मेनू येतो. इथे एक अडचण आवर्जून सांगण्यासारखी आहे. २०१३-१४ च्या सुमारास आलेल्या, बे ट्रेल जातीच्या ॲटमवर चालणाऱ्या अनेक स्वस्त यंत्रांत प्रोसेसर ६४ बिटांचा पण यूईएफआय, म्हणजे यंत्र सुरू करणारे अंगभूत सॉफ्टवेअर, ३२ बिटांचे असते, आणि नेहमीचा ६४ बिटांचा पेनड्राइव्ह त्या मेनूत दिसतच नाही. पेनड्राइव्ह बिघडला असे वाटून लोक तो पुन्हापुन्हा तयार करतात. डेबियनच्या इन्स्टॉलरमध्ये या विजोड जोडीची सोय आहे, म्हणून अशा यंत्रावर तोच वापरावा.

लाइव्ह सत्रात डेस्कटॉप किती सुंदर दिसतो हे पाहण्यात वेळ घालवू नये. वाय-फाय जोडले जाते का, आवाज येतो का, पडद्याचा उजेड कमी-जास्त होतो का, टचपॅड नीट चालते का, आणि मुख्य म्हणजे झाकण मिटून उघडल्यावर यंत्र पुन्हा जागे होते का, एवढ्या गोष्टी तपासाव्यात. पेनड्राइव्हवरून सगळेच संथ चालते, त्यामुळे गतीचा अंदाज इथे बांधू नये. वाय-फाय न मिळाल्यास चिप बहुधा ब्रॉडकॉमची निघते. डेबियन १२ पासून इन्स्टॉलरमध्येच बरेचसे फर्मवेअर (चिप चालण्यासाठी तिच्यात भरावे लागणारे सॉफ्टवेअर) समाविष्ट असते, तरी ब्रॉडकॉमच्या काही जुन्या चिपांचे फर्मवेअर नंतर इंटरनेटवरून आणावे लागते. म्हणजे इंटरनेट मिळवण्यासाठी इंटरनेट हवे अशी परिस्थिती येते. त्यावर सोपा उपाय असा की मोबाइल यूएसबी वायरने जोडून त्यावर टेदरिंग सुरू करावे. लिनक्सला ते साध्या तारेच्या जोडणीसारखे दिसते आणि ड्रायव्हर लागत नाही.

प्रत्यक्ष बसवणे आता अवघड राहिलेले नाही. संपूर्ण डिस्क लिनक्सला द्यावी, फाइल प्रणाली ईएक्सटी४ ठेवावी, आणि डेबियनचा इन्स्टॉलर डेस्कटॉप विचारतो तेव्हा ग्नोमवरची खूण काढून एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटीवर करावी. ही खूण काढायची राहून गेली तर ग्नोम बसतो आणि ३ जीबीच्या आतल्या यंत्रावर त्याचा जाच होतो.

रॅमची राखण

लिनक्सवर रॅम पाहताना एक गैरसमज नेहमी होतो. 'फ्री' ही आज्ञा दिली की 'फ्री' याच नावाच्या रकान्यात फारच छोटा आकडा दिसतो आणि माणूस घाबरतो. रिकामी रॅम लिनक्स फाइलींच्या कॅशसाठी वापरते आणि गरज पडताच ती परत देते; म्हणून पाहायचा रकाना 'अव्हेलेबल' हा आहे. नेहमीचे काम चालू असताना त्यात ३००-४०० एमबीच्या वर आकडा असेल तर यंत्र सुखरूप आहे असे समजावे.

ही रॅम पुरवून वापरण्याचा सर्वांत गुणकारी उपाय म्हणजे झेडरॅम. यात रॅमचाच एक भाग स्वॅप (रॅम भरल्यावर वापरायची जादा जागा) म्हणून वापरला जातो, पण त्यात जाणारी पाने, म्हणजे रॅममधल्या माहितीचे तुकडे, दाबून लहान केली जातात. सामान्य मजकूर बहुधा अर्ध्या किंवा त्याहूनही कमी जागेत मावतो, त्यामुळे २ जीबीचे यंत्र ३ जीबीच्या यंत्राच्या जवळपास वागू लागते आणि डिस्कवर जाण्याची वेळ फार उशिरा येते. बदल्यात प्रोसेसरला थोडे काम वाढते; फिरत्या डिस्कची वाट पाहण्यापेक्षा ते केव्हाही परवडते. ही सोय २०१४ पासून मूळ कर्नलमध्ये आहे. डेबियनमध्ये झेडरॅम-टूल्स हे पॅकेज बसवावे आणि त्याच्या झेडरॅमस्वॅप नावाच्या सेटिंग फाइलीत रॅमचा ५० टक्के भाग व झेडएसटीडी ही दाबण्याची पद्धत निवडावी. प्रोसेसर अगदीच दुबळा असेल तर झेडएसटीडीऐवजी एलझेड४ घ्यावी, ती कमी दाबते पण वेगाने चालते. कर्नल स्वॅपकडे किती सहज वळतो हे ठरवणारा स्वॅपिनेस हा आकडा मुळात ६० असतो. फिरत्या डिस्कवरच्या स्वॅपसाठी तो कमी करावा असा जुना सल्ला आहे, पण झेडरॅमसोबत तो उलट १०० किंवा त्याहून वर नेणे योग्य ठरते, कारण इथे स्वॅप स्वस्त आहे. कर्नल ५.८ पासून हा आकडा २०० पर्यंत नेता येतो. झेडस्वॅप नावाची अशाच कामाची दुसरी सोय आहे. दोन्ही एकाच वेळी चालू ठेवू नयेत.

एवढे करूनही रॅम संपलीच तर लिनक्सची एक खोड आड येते. प्रोग्रॅम बंद करण्याचा निर्णय कर्नल फार उशिरा घेतो आणि तोवर माउसही हलत नाही. अर्लीऊम नावाचा छोटा प्रोग्रॅम हे काम आधीच करतो: उपलब्ध रॅम आणि स्वॅप दोन्ही १० टक्क्यांच्या खाली गेले की सर्वांत खादाड प्रक्रिया तो थांबवतो. ती बहुधा ब्राउझरचा एखादा टॅब असते, म्हणजे नुकसान एका पानाचे होते आणि यंत्र हाताबाहेर जात नाही. २ जीबीच्या यंत्रावर हे पॅकेज मी अनिवार्य मानतो.

ब्राउझर

आता खऱ्या भाराकडे वळू. आजचे एखादे बातम्यांचे किंवा खरेदीचे पान एकट्याने २००-३०० एमबी रॅम सहज घेते, म्हणजे ॲन्टीएक्सचा संपूर्ण डेस्कटॉप जितकी घेतो तितकी. एक्सएफसीई सोडून आइसडब्ल्यूएमकडे गेल्याने जे वाचते ते दोन टॅबांत खर्च होते. म्हणूनच डेस्कटॉप बदलत बसण्यापेक्षा ब्राउझरला शिस्त लावणे जास्त फायद्याचे आहे.

यासाठी फायरफॉक्स घ्यावा आणि त्यात सर्वांत आधी यूब्लॉक ओरिजिन हे विस्तारक बसवावे. जाहिराती आणि पाळत ठेवणाऱ्या स्क्रिप्ट अडवल्या की पानाचे वजन कित्येकदा निम्म्यावर येते, आणि दुबळ्या प्रोसेसरला त्याचा फरक लगेच जाणवतो. क्रोममध्ये या विस्तारकाची पूर्ण आवृत्ती आता चालत नाही, तिथे तिची 'लाइट' आवृत्तीच मिळते. एवढे एक विस्तारक पुरे. प्रत्येक नवे विस्तारक रॅम घेते आणि रॅम वाचवण्याचे आश्वासन देणारी विस्तारकेही त्याला अपवाद नाहीत.

उघडे पण न वापरलेले टॅब रॅममधून उतरवण्याची सोय फायरफॉक्समध्येच आहे. पत्त्याच्या पट्टीत 'अबाउट:अनलोड्स' लिहिले की कोणते टॅब उतरवता येतील याची यादी दिसते, आणि अलीकडच्या आवृत्त्यांत टॅबवर उजवी क्लिक करूनही तो उतरवता येतो. टॅब जागेवर राहतो आणि पुन्हा क्लिक केल्यावर पान नव्याने उघडते. ज्याला वीस टॅब उघडे ठेवण्याची सवय आहे त्याने ही सोय जरूर शिकून घ्यावी, कारण सवय मोडणे त्याहून कठीण आहे. सुरू होताना मागचे सर्व टॅब उघडण्याची सेटिंग बंद ठेवावी.

व्हिडिओचा प्रश्न वेगळा आहे. यूट्यूब आपले व्हिडिओ शक्य तिथे व्हीपी९ किंवा एव्ही१ या स्वरूपांत पाठवते. ही स्वरूपे उलगडणारी यंत्रणा इंटेलच्या ग्राफिक्समध्ये अनुक्रमे २०१७ आणि २०२० च्या सुमारास पूर्णत्वाने आली. त्याआधीच्या यंत्रांत तो सगळा भार प्रोसेसरवर पडतो, पंखा किंचाळू लागतो आणि चित्र अडखळते. एच.२६४ हे जुने स्वरूप मात्र २०१० नंतरच्या बहुतेक ग्राफिक्सना स्वतःहून उलगडता येते. एच२६४ईफाय नावाचे विस्तारक यूट्यूबकडे हेच स्वरूप मागते. यूब्लॉकनंतर अपवाद करून घ्यावे असे ते एकमेव. त्याहूनही हलका मार्ग म्हणजे ब्राउझर बाजूला ठेवून एमपीव्ही हा प्लेअर आणि वायटी-डीएलपी यांच्या जोडीने व्हिडिओ पाहणे. दुवा एमपीव्हीला दिला आणि चित्राची उंची ४८० ओळींपर्यंत मर्यादित ठेवली की ॲटमसारख्या प्रोसेसरवरही तो सरळ चालण्याची शक्यता बरीच वाढते. लॅपटॉपच्या छोट्या पडद्यावर ४८० आणि १०८० यांतला फरक फारसा खुपत नाही.

छाटणी

डेस्कटॉपवरच्या छाटणीत सर्वांत आधी एक्सएफसीईचा कंपोझिटर बंद करून पाहावा. विंडो मॅनेजरच्या जादा सेटिंगांत ती खूण सापडते. सावल्या आणि पारदर्शकता जातात, ग्राफिक्सवरचा ताण उतरतो. काही यंत्रांवर त्यामुळे व्हिडिओ मध्येच आडवा फाटल्यासारखा दिसतो. तसे झाल्यास तो पुन्हा चालू करावा. सुरुवातीला आपोआप चालू होणाऱ्या गोष्टींच्या यादीतून ब्लूटूथ, प्रिंटर आणि अद्यतनांची सूचना देणारे प्रोग्रॅम यांपैकी नको ते काढावेत. 'सिस्टिमडी-ॲनालाइझ ब्लेम' ही आज्ञा सुरू होताना कोणत्या सेवेने किती वेळ घेतला ते उतरत्या क्रमाने सांगते. पहिल्या पाच-सहा ओळींपुढे जाऊ नये, आणि ज्या सेवेचे काम आपल्याला कळत नाही तिला हात लावू नये.

प्रोसेसरमधल्या स्पेक्टर आणि मेल्टडाउन या त्रुटींवरचे संरक्षण कर्नलमध्ये बंद करून गती वाढवण्याचा सल्लाही कुठे कुठे दिला जातो. ब्राउझर चालणाऱ्या यंत्रावर तो घेऊ नये. गंमत अशी की ज्यांना गतीची सर्वाधिक गरज आहे त्या २०१३ च्या आधीच्या ॲटम प्रोसेसरांना या त्रुटींची बाधाच होत नाही, त्यामुळे तिथे बंद करून मिळणारही काही नाही.

कार्यालयीन कामासाठी लिब्रेऑफिस जड वाटले तर लेखनाला ॲबीवर्ड आणि तक्त्यांना न्यूमेरिक घ्यावे. मात्र दुसऱ्यांनी पाठवलेल्या वर्डच्या फाइली रोज उघडाव्या लागत असतील तर लिब्रेऑफिसच ठेवावे आणि त्याच्या प्रगत सेटिंगांत जावाचा वापर बंद करावा, म्हणजे ते लवकर उघडते. पीडीएफसाठी ॲट्रिल किंवा क्यूपीडीएफव्ह्यू, साध्या मजकुरासाठी माउसपॅड पुरे. फ्लॅटपॅक आणि स्नॅप स्वरूपातले प्रोग्रॅम आपापल्या लायब्ररी सोबत घेऊन येतात, त्यामुळे डिस्क आणि रॅम दोन्ही जास्त लागतात. जे डेबियनच्या भांडारात मिळते ते तिथूनच घ्यावे.

देवनागरीत लिहिण्यासाठी कीबोर्डच्या सेटिंगांत मराठीचा इन्स्क्रिप्ट आराखडा जोडला की वेगळा प्रोग्रॅम पार्श्वभूमीवर चालवावा लागत नाही. उच्चारानुसार टंकन करणाऱ्यांना आयबस किंवा एफसीआयटीएक्स लागतो आणि तो थोडी रॅम घेतो, पण जो हात बसला आहे तो बदलण्याइतकी ती नाही. लोहित किंवा नोटो यांपैकी एक देवनागरी फाँट बसवावा, नाहीतर जोडाक्षरे वेडीवाकडी दिसण्याची शक्यता असते.

बॅटरीसाठी टीएलपी हे पॅकेज बसवून तसेच सोडून द्यावे. त्याच्या मूळ सेटिंग पुरेशा आहेत. एसएसडी असल्यास मोकळ्या झालेल्या जागा एसएसडीला कळवणारा, आठवड्यातून एकदा चालणारा एफएसट्रिमचा टायमर चालू आहे ना, हे एकदा पाहून घ्यावे.

अद्यतने मात्र थांबवू नयेत. डिस्क १६ किंवा ३२ जीबीचीच असेल तर प्रत्येक अद्यतनानंतर जुन्या कर्नलांची आणि उतरवलेल्या पॅकेजांची साठवण वाढत जाते. महिन्यातून एकदा ॲप्ट या पॅकेज सांभाळणाऱ्या प्रोग्रॅमच्या 'ऑटोरिमूव्ह' आणि 'क्लीन' या दोन आज्ञा चालवल्या की ती मोकळी होते. डेबियनची पुढची स्थिर आवृत्ती साधारण दोन वर्षांनी येते. ती आल्या आल्या घेण्याची घाई करू नये, कारण मागच्या आवृत्तीची नियमित साथ त्यानंतरही सुमारे वर्षभर चालू असते. घेण्याआधी नव्या आवृत्तीचा लाइव्ह पेनड्राइव्ह लावून वाय-फाय, आवाज आणि झाकणाची तीच चाचणी पुन्हा करावी.